टोचनगाडीची जोडी

मानसिंगच्या गाडीचे मागचे टायर झिजून गोटा झालेत, ही गोष्ट तुर्भ्यात सगळ्यांना मानसिंगच्या आधी कळली होती. चहावाल्याला कळली होती, बाजाराच्या फाटकावरच्या माथाड्यांना कळली होती. एवढंच काय, मागच्या चाकाच्या आडोशाला झोपणाऱ्या कुत्र्यानंही आपला मुक्काम पुढच्या चाकाशी हलवला होता. मानसिंगला दिसत नव्हतं असं नाही. पण दिसलेली गोष्ट त्याच्या मनापर्यंत पोचायला वेळ लागे. वाटेत तिला दुसरीच एखादी गोष्ट भेटे आणि दोघी गप्पा मारत बसत.

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. बोनेट वशिंडासारखं वर आलेलं, मागं लोखंडी गर्डरचा तिरका हात, त्याला साखळी आणि हूक. रुतलेले, मोडलेले ट्रक ओढून न्यायचे हे तिचं काम. ट्रकवाले त्याला टोचन म्हणतात, म्हणून ही टोचनगाडी. कंपनी बंद पडल्यावर मानसिंगच्या हाती रक्कम आली. त्याच्या जोडीदारांनी कुणी खोली घेतली, कुणी किराणा मांडला. मानसिंग लिलावाला सहज बघायला म्हणून गेला आणि ही घेऊन आला. का घेतली, हे शालननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पुष्कळदा विचारलं. "उभी होती," एवढंच तो सांगे.

ती उभी राहायची धर्मराजच्या प्लॉटवर. धर्मराज तुर्भे गावचा मूळचा आगरी. ज्या खाजणात त्याचा बाप मांडीभर चिखलात उभा राहायचा, तिथं भराव पडून सडक झाली, आणि आता त्याच जागी धर्मराज पांढऱ्या बुटांत उभा राही. जागा त्याची, ओळखी त्याच्या, आणि टोचनाची कामंही त्याच्याच तोंडून येत. तो माणूस वाईट नव्हता. कुणावर किती उपकार केले हे मात्र तो विसरत नसे, आणि समोरच्यालाही विसरू देत नसे.

"मानशिंग," टायरवर बूट टेकवत तो म्हणाला, "ही गारी हाय का घसरगुंडी?"

"बदलायचेच हैत, शेट."

"बदल. तलोज्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा काम माज्याकडं आलाय. रस्ता खनून ठेवलाय, रोज येक ट्रक रुततंय. परवा पयला वढायचा. नीट वढलास तं सगला पावसाला तुजा."

"आन न्हाई वढला तर?"

"तं पावन्याची नवी क्रेन हाय पनवेलला. ती घेतंव. तू तिच्यावर डायवर म्हनून ये. महिन्याचा पगार देतंव. टेन्शन नाय."

टेन्शन नेमकं तिथंच होतं. पगार हा शब्द ऐकला की मानसिंगच्या कानात भोंगा वाजे. बारा महिने तेरा काळ भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, आणि एक दिवस भोंगाच बंद. गाडी घेतल्यापासून तो गाडीच्या मर्जीनं उठे. ती सकाळी सुरू झाली तर कामाला जाई, नाही झाली तर बोनेटवर बसून पारसिकच्या डोंगरावरून उतरणारे ढग बघे. त्या क्रेनवर बसलं की हे सगळं गेलं, हे त्याला त्या पांढऱ्या बुटाकडं बघताना एकदम आणि स्वच्छ कळलं. या वेळी वाटेत काही भेटलं नाही.

कोपरखैरण्याच्या घरी ओट्यावर बाळाबाई, त्याची आई, बसलेली होती. समोरून माणसं जात होती, रिक्षा जात होत्या, आणि ती सगळ्यांच्या पायांकडं बघत होती. कोण लंगडतो, कोण पाय टाकून चालतो, कोण ओझं नसताना वाकलाय. ही तिची जुनी सवय. माण तालुक्यात तिच्या नजरेला किंमत होती. बैल घ्यायचा झाला की सौद्याला नवरा बसे, पण बैल ठरवे बाळाबाई. चार मळ्यांतली माणसं तिला बोलवायला येत. मग पुतण्यानं ट्रॅक्टर आणला, बैल विकले, आणि म्हातारी मुलाकडं आली. इथं तिला कुणी काही विचारत नसे. सून विचारे, पण 'चहा टाकू का' एवढंच.

मानसिंग तिच्याशेजारी टेकला. तोही रस्त्यावरचे पाय बघू लागला.

"आये," तो म्हणाला, "उद्या गाडीला चाकं घ्यायची हैत. येतीस का बघायला?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मी?" बाळाबाई म्हणाली. "मला काय कळतंय चाकातलं?"

"वढायचंच काम हाय त्येंचं. बैलाला बघत हुतीस तसंच बघायचं."

शालन पिठाच्या हातानं दारात आली. तुर्भ्याच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि मधल्या काळात घरात काय काय स्वप्नं पडली असतील याचा अंदाज तिला चांगला होता.

"अवं, बरंच झालं," ती म्हणाली. "आत्ती टायर निवडू द्यात. मला मिक्सर घ्यायचा हाय, त्यो तुमच्या गाडीला विचारून घ्या."

पण बाळाबाई तोवर उठली होती. पेटीतून तिनं इरकली लुगडं काढलं. तेच, जे ती बाजाराला नेसून जायची.

बाबासोचं दुकान सडकेच्या कडेला, पत्र्याखाली. बाबासो सांगलीकडचा. जुने-नवे टायर आणि चाकांच्या लोखंडी डिस्क विकायचा. पत्र्याबाहेर टायरांच्या चळती विहिरींच्या कठड्यांसारख्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात पावसाचं पाणी, आणि प्रत्येक पाण्यात आभाळाचा एकेक गोल तुकडा. मानसिंग एका चळतीत वाकून बघत राहिला. त्याला आत बांधावरची बाभळ दिसली, बाभळीखाली बसलेली जनावरं दिसली, आणि त्यांच्या रवंथाचा आवाजही ऐकू आला. तो आवाज शेजारच्या कॉम्प्रेसरचा होता.

"मावशी, तुमी बसा खुर्चीवर," बाबासो म्हणाला. "काय पायजे दादा?"

"मागच्या डिस्कना चिरा गेल्यात बोल्टापाशी. त्या बघायच्या. आन टायर."

खुर्चीवर बसायला बाळाबाई आली नव्हती. तिनं पायाशी पडलेला गोटा उचलला आणि रांगेत उभ्या डिस्कवर एकेक ठोका टाकत चालली. ठण्ण. ठण्ण. बद्द. बद्द वाजली ती तिनं पायानं बाजूला सारली.

"का हो मावशी? तिला काय झालं?"

"मडकं घेताना वाजवून घेतोस का न्हाई? ही तडकल्याली हाय."

बाबासोनं डिस्क उलटी केली, रंगावर अंगठा घासला. खाली केसाएवढी चीर होती. तो म्हातारीकडं बघून हसला. ही बाई आपल्या दुकानात रोज आली तर दुकान बंद करावं लागेल, असं ते हसू होतं.

डिस्क झाल्या. मग टायर. बाळाबाईनं प्रत्येकाच्या अंगावरून तळहात फिरवला, खाचांत बोट घातलं, कडेला दाबून पाहिलं. एकाला तिनं कान लावला.

"दात बघतीस व्हय?" मानसिंगनं विचारलं.

"दातच हैत की हे. ह्यो तरणा हाय. हा दुसराबी. ह्येनी अजून काम बघितल्यालं न्हाई. आन हे दोन बघ. झिजल्यात, पर अंगानं घट हैत. जाणतं हैत."

चारही नवे घ्यायची ऐपत नव्हती. दोन नवे, दोन जुने, असं ठरलं. मागच्या आसाला एका अंगाला दोन आणि दुसऱ्या अंगाला दोन चाकं लागतात, शेजारी शेजारी चिकटून. बाबासोनं नवे दोन एकत्र काढून ठेवले.

"हे एका अंगाला बसवा दादा. जुने दुसऱ्या अंगाला. जोडीला जोड."

"का रं बाबा?" बाळाबाईनं मध्येच धरलं. "एका अंगाला दोन्ही तरणं आन दुसऱ्या अंगाला दोन्ही थकल्यालं? गाडी वाकडी न्हाई का वढायची? नव्या खोंडाशेजारी नवा खोंड कुणी जुपतं व्हय? जाणत्याशेजारी तरणा जुपायचा. जाणता वाट दावतो, तरणा जोर लावतो. दोन्ही अंगाला एक-एक."

बोलताना तिचा हात हवेत जू धरल्यासारखा झाला होता. गाव सोडल्यापासून मानसिंगनं तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. जोडीचे टायर एकाच उंचीचे लागतात, हे त्यानं ऐकलेलं होतं. कुठं ते आठवत नव्हतं, पण ऐकलं होतं नक्की. ते जिभेवर आलं, आईचा हवेतला हात त्याला दिसला, आणि ते परत गेलं.

"आयी म्हणती तसं कर," तो म्हणाला.

बाबासोनं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचा त्याचा रिवाज नव्हता. गिऱ्हाइकाला आणि पावसाला त्यानं आजवर कधी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना शालननं चाकांना हळदकुंकू लावलं. बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला होता, म्हणून बाळाबाईनं डिस्कच्या कडा आदल्या संध्याकाळीच शिंगं रंगवायच्या हुरमुंजीनं रंगवल्या होत्या. लालभडक कडांची ती म्हातारी गाडी नवरदेवासारखी उभी होती.

"एक तरणा, एक जाणता," शालन चाकांकडं बघत म्हणाली. "जाणत्याला बरं असतं. शेजारी नुसतं फिरत राहायचं, वढणारं वढतंय."

"म्हणजे?" मानसिंगनं विचारलं.

"काय न्हाई. आमच्या घराचं बोलत हुते." ती डबा घेऊन कामाला गेली.

बाळाबाई पदर खोचून केबिनमध्ये चढली. नव्या जोडीच्या नांगराच्या पहिल्या तासाला ती नेहमी बैलांबरोबर चालायची. आता चालणं होणार नव्हतं, म्हणून ती बसून येणार होती.

तळोज्याची वाट त्या दिवशी पाण्याखालून जात असल्यासारखी होती. पाऊस पडत नव्हता, नुसता तरंगत होता. कारखान्यांच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच उरल्या होत्या. बाळाबाई डुलक्या घेत होती आणि मधूनच डोळे मिटलेले असताना "हो, हो, सरळ" म्हणत होती. कोणाला, ते मानसिंगनं विचारलं नाही. त्यालाही इंजिनाच्या घरघरीखाली घुंगुरमाळ ऐकू येत होती. बोनेट पुढं मान हलवत चाललं होतं. जू, बांध, ओली काळी माती, सगळं काचेपलीकडं वाहत होतं. फक्त त्या सगळ्यात एक वास मिसळला होता, कुठंतरी रबर जळत असल्याचा. इथं सगळे कारखानेच, काहीतरी जळतच असणार, असं त्यानं मनाला सांगितलं. मनानंही फार खळखळ केली नाही.

रुतलेला ट्रक रंगाच्या पिंपांनी भरलेला होता. खणलेल्या चराच्या कडेला त्याची डावी बाजू आसापर्यंत खाली गेली होती. ट्रान्सपोर्टवाल्याचा सुपरवायझर, ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर आणि छत्रीखाली धर्मराज, अशी मंडळी उभी होती. धर्मराजनं आज बूट घातले नव्हते, पण पाय तेवढेच ऐटीत ठेवले होते.

"काय रं, लगीन हाय का गारीचं?" त्यानं लाल कडांकडं बघून विचारलं. सगळे हसले.

मानसिंगनं साखळी अडकवली, पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. साखळी ताठ झाली. टोचनगाडी मागं बसली, थरथरली. ट्रक वीतभर हलला. मग गाडीचं बूड एका बाजूला सरकलं आणि तो जळका वास दोन्ही खिडक्यांतून आत आला. आता तो कारखान्याचा नव्हता, यात शंका नव्हती.

मानसिंगनं क्लच दाबला, उतरून मागं वाकून पाहिलं. नव्या टायरचं पोट बाहेर आलं होतं. त्याच्या शेजारचा झिजलेला टायर चिखलाला जेमतेम टेकला होता. सगळं ओझं उंच असलेल्या एकट्यावर. आणखी एकदा ताण दिला तर कदाचित ट्रक निघेल. कदाचित टायर फुटेल, आणि फुटला तर गाडी साखळीसकट चरात. पावसाळाही जाईल, गाडीही जाईल.

"काय झालं रं?" केबिनमधून आवाज आला.

"काय न्हाई आये. पंक्चर हाय."

"मंग बदल ना," धर्मराज म्हणाला. "का पावन्याला फोन करू? कंपनीच्या फाटकावर फोन हाय."

केबिनचं दार उघडलं. बाळाबाई पाय चाचपत उतरली आणि लुगडं घोट्यावर उचलून मागं आली. मानसिंग काही बोलायच्या आत तिनं नव्या टायरवर तळहात ठेवला, कामावरून सुटलेल्या बैलाच्या मानेवर ठेवतात तसा. हात चटकन मागं आला. मग तिनं शेजारच्यावर ठेवला. तो ओल्या दगडासारखा गार होता. ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली. तिथंही तसंच. ती परत आली.

"ह्यो जाणता न्हाई," ती म्हणाली. "अंगचोर हाय ह्यो." आणि लगेच खाली बघून, हळू, "न्हाई. त्यो बिचारा भुईला पोचतच न्हाई."

क्लीनर फिसकन हसला. बाळाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती पुरुषांच्या त्या घोळक्याकडं तोंड करून सरळ उभी राहिली.

"चूक माझी हाय. बैल शेजाऱ्यासाठी खांदा खाली करतो. ह्ये करत न्हाई. दुकानदार सांगत हुता, मी आयकलं न्हाई."

"मलाबी ठावं हुतं, आये," मानसिंगच्या तोंडून निघून गेलं.

तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"मग बोलला का न्हाईस?"

तो टायरवरचा चिखल अंगठ्यानं खरवडायला लागला.

"म्हातारीचं मन राखत हुतास? मन राखायला गाडी घालवायला निघालास?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "जॅक काढ."

धर्मराज छत्री घेऊन फाटकाकडं फोन करायला गेला. म्हणजे पनवेलची क्रेन निघणार, आणि ती यायला लागेल तेवढाच वेळ आता मानसिंगचा होता. जॅक चिखलात बुडायला लागला. त्याखाली फळी घातली, फळी बुडाली, तिच्याखाली दगड घातला. पान्याला पाइप अडकवून तो नटांवर सगळ्या अंगानं लोंबकळला. सुपरवायझर घड्याळ बघत होता. ट्रकचा ड्रायव्हर बिडी पेटवून सल्ले देत होता. मदतीचा हात मात्र त्यानं खिशात ठेवला होता. सुटलेला एकेक नट बाळाबाई पदरात झेलत होती. चिखलात एक जरी गेला असता तर सापडला नसता. नटांच्या ओझ्यानं तिचा पदर खाली ओढला जात होता, आणि ग्रीसनं इरकलीचा काठ काळा होत चालला होता. चाक उतरताना मानसिंगचा पाय सरकला आणि तो चाकासकट चिखलात बसला. हसायची पाळी सगळ्यांची होती. या वेळी हसलं कुणी नाही.

"ऊठ," बाळाबाई म्हणाली. "बैल बसल्यावर मी काय करायची ठावं हाय ना?"

"शेपूट पिरगाळायचीस."

"मग ऊठ."

नवे दोन्ही एका अंगाला गेले, जुने दोन्ही दुसऱ्या अंगाला. गाडी किंचित कलून उभी राहिली, एक खांदा वर करून उभ्या राहणाऱ्या माणसासारखी. तिचं रूप गेलं होतं, पण चारही चाकं जमिनीवर होती. आता मानसिंगला घुंगुरमाळ ऐकू येत नव्हती. ऐकू येत होतं फक्त इंजिन, आणि त्यानं त्याच्याकडंच कान दिला. क्लच सुटला, साखळी ताठली, गाडी बसली, पण सरकली नाही. ट्रक कण्हला. चराची कड ढासळली, चाकांनी आधी पाणी उडवलं, मग खडी उडवली, आणि पिंपांचा सगळा डोलारा एकदा झुलून सडकेवर चढला.

धर्मराज फाटकाकडून परत येत होता. तो जागीच थांबला, वळला आणि पुन्हा फोनाकडं गेला. आला तेव्हा त्याची छत्री मिटलेली होती.

"पावन्याला सांगितला, नको येऊ," तो म्हणाला. "सकाली लवकर ये. पाऊस थांबत नाय. आन ही आयशी..." त्यानं बाळाबाईकडं तिरकं पाहिलं. "हिला रोज आनू नको. उद्या माजीच चूक काढंल."

परतीच्या वाटेवर गाडी सावकाश चालवावी लागली. निखाऱ्यावर शेकलेल्या भाकरीला यावा तसा एका नव्या टायरच्या कुशीला फुगा आला होता. आधीच्या ताणानं तो आतून मोडला होता. बाळाबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. कारखाने गेले, खाडीवरचा पूल गेला. पदरावर नटांचे गोल काळे डाग होते. ते ती बोटानं पुसत होती आणि ते पसरत होते.

पावसाळा मिळाला होता, गाडी राहिली होती. तरी मानसिंगला हलकं वाटेना. घरी गेलं की ती ओट्यावर बसेल, रस्त्यावरचे पाय बघेल, आणि पुन्हा कुणी काही विचारलं तर 'मला काय कळतंय' म्हणून सोडून देईल, हे त्याला आताच दिसत होतं.

तुर्भ्याला त्यानं गाडी बाबासोच्या दुकानापुढं घेतली. फुगलेलं चाक उतरवलं, स्टेपनी चढवली आणि चाक दुकानाच्या फरशीवर आडवं टाकलं.

"एकच घ्यायचा," तो बाबासोला म्हणाला. मग केबिनचं दार उघडून उभा राहिला. "आये, उतर."

"तूच बघ जा."

"मला न्हाई ठरवता येत."

"मन राखतोस व्हय पुन्यांदा?"

"न्हाई," मानसिंग म्हणाला. "ह्या डावाला चुकलीस तर तोंडावर सांगीन."

बाळाबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं, जनावराचं वय ठरवताना बघायची तसं. मग ती उतरली. बाबासोनं चळतीवरचा एक चकचकीत टायर पुढं लोटला.

"ह्यो बघा मावशी. तरणा हाय एकदम. हात फिरवून बघा."

तिनं हात फिरवला नाही.

"आधी सुतळी दे," ती म्हणाली.

बाबासोनं सुतळीचं भेंडोळं दिलं. फरशीवर पडलेल्या फुगलेल्या टायरभोवती ती सुतळी लावत ओणवी होऊन फिरली, गाडीला बसलेल्या त्याच्या जोडीदाराचं हेच माप आहे ना, असं तिनं मानसिंगला दोनदा विचारून घेतलं. जिथं सुतळीचं टोक भिडलं तिथं तिनं घट्ट गाठ मारली, दातानं सुतळी तोडली, आणि ती गाठ मुठीत धरून टायरांच्या चळतींकडं चालू लागली.

"हां," ती म्हणाली. "आता दाव एकेक."